आखूड पायांची अमानत

आमच्या घरात गेली तीन वर्षे एक मांजर आहे. तिचे नाव शक्कर. अंगाने ती पुरती वाढलेली आहे, तोंडावळा चारचौघी मांजरींसारखा आहे. पाय मात्र दोन महिन्यांच्या पिल्लाएवढे. चालते तेव्हा पोट फरशीपासून जेमतेम चार बोटे वर असते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला बघून आधी हसतो आणि मग विचारतो, "हिला काय झालं?" काही झालेले नाही, ही जातच अशी आहे, असे आम्ही सांगतो. या जातीला मंचकिन म्हणतात. थोरल्या मुलाने ती पुण्याहून आणली. नात सना तेव्हा आठ वर्षांची होती, मोठ्या आजारातून उठली होती, आणि मोबाइलवर असे मांजर पाहून तिने हट्ट धरला होता.

तीन वर्षांत शक्कर घरचीच झाली. फजरच्या वेळी वुजूसाठी नळ सोडला की ती मोरीच्या उंबऱ्याशी येऊन बसते. दादीने जानमाज अंथरली की तिच्या कडेला अंग टाकते. दादी "इसकू उचलो गे कोई" म्हणून ओरडते आणि नमाज झाल्यावर स्वतःच तिला मांडीवर घेते. पळायला लागली की पोरांच्या हाती लागत नाही. कधी मागच्या पायांवर बसून, मुंगसासारखी मान उंच करून दाराकडे बघत राहते.

प्रश्न उभा राहिला तो गेल्या रमजान ईदनंतर. ज्याच्याकडून तिला घेतले होते त्या विक्रेत्याचा फोन आला. त्याच्याकडे याच जातीचा बोका होता. शक्करला पिल्ले होऊ द्या, आखूड पायांची जितकी निघतील तितकी मी चांगल्या भावाने उचलतो, असे त्याचे म्हणणे. लांब पायांची निघाली तर? "ती तुम्हीच कुठंतरी देऊन टाका," तो म्हणाला. त्या दिवसांत धाकट्या मुलाची नोकरी सुटलेली होती. सूनबाईंनी हिशेब मांडला. म्हणाल्या, "अब्बा, दोन पिल्लं गेली तरी सनाची वर्षाची फी निघते. आपण काही चोरी करत नाही."

चोरी नव्हती हे खरेच. तरीही हो म्हणताना जीभ अडखळली. ती का अडखळली याचा शोध घेताना जे वाचले आणि जो विचार केला तो इथे मांडत आहोत. फतवा देण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही.

आधी या मांजरीचा इतिहास पाहू. आखूड पायांची मांजरे माणसाने प्रयोगशाळेत घडवलेली नाहीत. १९४४ साली इंग्लंडमधल्या एका पशुवैद्याने अशा मांजरांच्या चार पिढ्यांची नोंद केली होती. ती मांजरे इतर बाबतींत निरोगी होती, पण महायुद्धाच्या धामधुमीत तो वंश संपला. १९५६ साली रशियातल्या स्टालिनग्राडमध्ये असे मांजर दिसल्याची नोंद आहे. म्हणजे निसर्गात हा बदल अधूनमधून घडतो, आणि कोणी हात लावला नाही तर विरूनही जातो. आजच्या जातीची सुरुवात १९८३ सालची. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात रेव्हिल नावाच्या गावी एका संगीतशिक्षिकेला ट्रकखाली दडून बसलेल्या दोन गाभण मांजरी सापडल्या. कुत्रा त्यांच्या मागे लागला होता. त्यांतली एक तिने ठेवून घेतली. तिचे पाय आखूड होते आणि तिच्या पिल्लांतल्या काहींचेही तसेच निघाले. त्यांतला एक बोका तिने मैत्रिणीला दिला आणि त्याच्यापासून हा वंश वाढत गेला.

एका भेदरलेल्या जिवाला आसरा देण्यापासून ही गोष्ट सुरू झाली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. इथपर्यंत कोणाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. पुढे १९९१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात ही मांजरे लोकांसमोर आली आणि मागणी सुरू झाली. १९९४ साली टिका या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने त्यांना नव्या जातींच्या कार्यक्रमात घेतले, तेव्हा एका जुन्या परीक्षकाने निषेध म्हणून राजीनामा दिला. २००३ साली त्याच संघटनेने जातीला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. ब्रिटनची जीसीसीएफ आणि युरोपातली फिफे या मोठ्या संघटनांनी मात्र तिला मान्यता दिलेली नाही. आसऱ्यापासून प्रदर्शनापर्यंत आणि प्रदर्शनापासून बाजारापर्यंत वीस वर्षे लागली.

नावाचीही एक कथा आहे. एल. फ्रँक बाम यांच्या १९०० सालच्या 'विझर्ड ऑफ ओझ' या बालकादंबरीत मंचकिन नावाची बुटकी माणसे आहेत. १९३९ साली तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती कामे खऱ्याखुऱ्या ठेंगण्या माणसांनी केली. शंभराहून अधिक होती ती. त्या माणसांकडे जग ज्या नजरेने बघत होते, तीच नजर या मांजरांच्या नावात उतरली आहे. आमच्याकडचे पाहुणे आधी का हसतात याचे उत्तर त्या नावातच आहे.

आता थोडे विज्ञान. २०२० साली संशोधकांनी या आखूडपणाचे मूळ यूजीडीएच नावाच्या जनुकातल्या बदलात शोधून काढले. हाडांच्या टोकाला जी कूर्चा असते, तिच्या वाढीशी या बदलाचा संबंध आहे. प्रत्येक पिल्लाला एक जनुक आईकडून येतो, एक बापाकडून. दोहोंपैकी एकच बदललेला असेल तर पाय आखूड होतात. दोन्ही बदललेले आले तर ते पिल्लू गर्भातच संपते, जन्माला येतच नाही. म्हणजे आखूड पायांच्या दोघांची जोडी लावली तर सरासरी चार गर्भांमागे दोन आखूड पायांचे, एक लांब पायांचे, आणि एक जगणारच नाही.

हा हिशेब आम्ही कागदावर चार चौकोन काढून समजून घेत होतो. सना बाजूला बसली होती. चौथ्या चौकोनावर फुली मारली तेव्हा तिने विचारले, "दादा, हे पिल्लू कुठं गेलं?" ते आईच्या पोटातच विरून जाते, असे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याला माहीत असतं, तरी आपण करायचं?"

सूनबाईंच्या हिशेबाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सनाच्या या प्रश्नालाही नव्हते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जाणते पैदासकार आखूड पायांच्या दोघांची जोडी लावत नाहीत. ते एक लांब पायांचा जोडीदार निवडतात. तसे केल्यास हे गर्भ मरत नाहीत. निम्मी पिल्ले आखूड पायांची होतात आणि निम्मी साधी. त्यांचे म्हणणे असे की हा बदल निसर्गानेच दिला, मांजर चपळ असते, प्रेमळ असते आणि अशाच आखूड पायांच्या कुत्र्यांना होणारा पाठीच्या मणक्यांचा त्रास हिला तसा होत नाही. काही मंचकिन मांजरांत छातीचे हाड आत दबलेले किंवा पाठीचा कणा खाली झुकलेला आढळला आहे. पण अनेक मांजरे निरोगी आयुष्य जगतात हेही तितकेच खरे. आमची शक्कर त्यांतलीच एक.

तरी रोजचे जगणे पाहिले की काही गोष्टी दिसतात. गल्लीत एक करडी मांजर आहे. कोणाच्या घरून मासळीचे डोके मिळाले की एका उडीत कुंपणाची भिंत, दुसऱ्या उडीत पत्रा, आणि मग वर बसून निवांत खाते. खाली कुत्रा भुंकत राहतो. उंची हे मांजरीचे हत्यारही आहे आणि घरही. शक्कर खिडकीत बसून हे सगळे बघते. त्या खिडकीत ती उडी मारून गेलेली नसते. खाली ठेवलेला पाट, त्यावरून ट्रंक आणि ट्रंकेवरून खिडकी अशी पायऱ्यांनी गेलेली असते. तिचे वजन वाढू द्यायचे नाही म्हणून तिचे खाणे मोजून द्यावे लागते. रेतीचा डबा कमी काठाचा लागतो. ती बाहेर गेली तर कुत्र्यापासून वाचेलच याचा भरवसा नाही, म्हणून तिला सोडता येत नाही. तिच्या डोळ्यांत आम्हाला कधी दुःख दिसते, पण ते तिचे की आमचे हे सांगता येणार नाही. एवढे मात्र नक्की की ती आयुष्यभर आमच्यावर अवलंबून राहील अशीच जन्माला आली. आणि तशी ती जन्माला यावी, यासाठी कोणीतरी आधी जोडी जमवली होती. आम्ही पैसे मोजले म्हणून त्याने ती जमवली होती.

आपल्या परंपरेत मांजरीचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे हे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडले. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करीत असताना मांजर पाण्याशी आली, तेव्हा त्यांनी भांडे तिरके करून तिला पाणी पाजले. पाहणारी सूनबाई कबशा चकित झाली. तेव्हा त्यांनी पैगंबरांचा (स.) हवाला देऊन सांगितले की ती नापाक नाही, ती तर आपल्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. मांजर कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस तर मदरशातल्या लहान मुलांनाही पाठ असते. पण त्या हदीसमधली एक गोष्ट आम्ही आजवर नीट ऐकली नव्हती. तिने मांजरीला खायला दिले नाही एवढाच तिचा दोष सांगितलेला नाही. तिला मोकळे सोडले असते तर तिने जमिनीवरचे किडे-कीटक खाऊन आपले पोट भरले असते, आणि तेही तिने होऊ दिले नाही. म्हणजे मांजरीला स्वतःचे पोट स्वतः भरता येणे हाही तिचा हक्क मानला गेला आहे. आम्ही शक्करला उपाशी ठेवत नाही. पण तिचा हा दुसरा हक्क कोणी काढून घेतला?

किमतीबद्दलही सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. कुत्रा आणि मांजर यांची किंमत घेण्याची पैगंबरांनी (स.) मनाई केली, असे त्यात आहे. चारही मजहबांच्या बहुसंख्य उलेमांनी मांजरीची विक्री जायज मानली आणि ही मनाई नापसंतीच्या अर्थाने घेतली. काहींनी ती शब्दशः घेतली. आम्ही या वादात पडत नाही. पण या मनाईमागे एक इशारा असावा असे वाटते. जी आपल्यात वावरते तिचा भाव ठरू लागला की तिचे शरीर हळूहळू भावाप्रमाणे बदलू लागते. विक्रेत्याने फोनवर हेच सांगितले होते. आखूड पायांना भाव आणि लांब पायांची कुठंतरी देऊन टाका. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली भावंडे. जी धडधाकट, भिंतीवर चढू शकतील, त्यांनाच किंमत नाही.

कोणी म्हणेल, अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे हे सैतानाचे काम आहे असे कुरआनातल्या सूरह निसामध्ये सांगितले आहे, मग प्रश्नच मिटला. आमच्या मते तो इतका सहज मिटत नाही. त्या आयतीत देवतांच्या नावाने जनावरांचे कान चिरण्याचा उल्लेख आहे. इथे कोणी सुरी चालवलेली नाही. आखूड पायही अल्लाहनेच दिलेले आहेत. आणि इथेच आम्हाला दुसरी एक भीती वाटते. आखूड पायांच्या जिवाला 'बिघडलेली निर्मिती' म्हणायला आपण लागलो, तर उद्या आपल्या मोहल्ल्यातल्या पोलिओ झालेल्या, कुबड असलेल्या, ठेंगण्या माणसांना काय म्हणणार?

या जागी हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांची आठवण येते. ते मिसवाकसाठी झाडावर चढले होते. वाऱ्याने कपडा हलला आणि त्यांच्या बारीक पिंढऱ्या दिसल्या. लोक हसले. पैगंबरांनी (स.) हसण्याचे कारण विचारले, आणि कारण कळल्यावर सांगितले की मीजानमध्ये, म्हणजे कयामतच्या तराजूत, हे पाय उहुद पर्वतापेक्षा जड भरतील. पायांना हसणाऱ्यांना दिलेले याहून मोठे उत्तर आम्हाला माहीत नाही. माणसाची गोष्ट मांजरीला जशीच्या तशी लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण शक्करला बघून हसणाऱ्या पाहुण्याला आता आम्ही हसू देत नाही. तिच्या असण्यात काही कमी नाही.

मग अडचण कुठे आहे? आमचे एक मित्र, निवृत्त प्राध्यापक, यांनी ती नेमकी पकडली. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तिच्या असण्यात काही कमी नाही. आणि तुम्हीच म्हणता अशी पिल्लं जन्माला घालू नयेत. पण तिच्या आईबापांची जोडी कोणी जमवली नसती, तर लांब पायांची शक्कर जन्माला आली नसती. शक्करच जन्माला आली नसती. तिला विचारलं तर ती जन्म नको होता म्हणेल का?" इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात हाच पेच माणसांच्या संदर्भात मांडला आहे, असेही त्यांनी सांगितले. जिचे अस्तित्वच त्या कृत्यावर अवलंबून आहे, तिच्यावर त्या कृत्याने अन्याय झाला असे कसे म्हणणार?

या प्रश्नाने आम्ही काही दिवस अस्वस्थ होतो. वाट सापडली ती एका खेचराच्या गोष्टीत. अबू दाऊदमध्ये हजरत अली (रजि.) यांची हदीस आहे. पैगंबरांना (स.) कोणीतरी खेचर भेट दिले. ते त्यावर बसले. हजरत अलींनी सुचवले की आपणही गाढव आणि घोडी यांची जोडी लावली तर आपल्याकडे अशी खेचरे होतील. पैगंबरांनी (स.) ते मानले नाही, ज्यांना समज नाही ते असे करतात, अशा आशयाचे उत्तर दिले. खेचर हराम ठरवलेले नाही. सूरह नहलमध्ये तर घोडे आणि गाढवे यांच्याबरोबर खेचरेही अल्लाहची देणगी म्हणून मोजली आहेत. उलेमांनी या मनाईची वेगवेगळी कारणे दिली, बहुतेकांनी ती सौम्य मानली. आम्हाला त्यात दोन वेगळी कर्तव्ये दिसली. समोर आलेल्या जिवाचा स्वीकार करणे, त्याला दाणापाणी देणे, त्याच्यावर स्वार होतानाही त्याचा हक्क सांभाळणे हे एक. आणि तसा जीव मुद्दाम पैदा करण्याचा मोह टाळणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे करण्याची परवानगी मिळत नाही. दुसरे टाळले म्हणून पहिल्याचा मान कमी होत नाही.

आमच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला यातून मिळाले. शक्करवर अन्याय झाला की नाही हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. पण नैतिक प्रश्न तिच्या तक्रारीवर अवलंबून नाही, आमच्या नियतवर आहे. 'सर्व कृत्ये नियतवर अवलंबून' हे आपण रोज ऐकतो. जो जीव आला त्याला घरात घेताना आमची नियत त्याच्यासाठी असते. जो अजून आलाच नाही, त्याचे पाय किती आखूड असावेत हे आम्ही ठरवतो, तेव्हा ती आमच्या हसण्यासाठी आणि आमच्या फीसाठी असते. आजारी मुलाला जन्म देणारी आई आणि भीक मागायला सोयीचे म्हणून मूल अधू करणारी टोळी यांच्या दारातली मुले वरवर सारखीच दिसतील. मोठ्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैदासकारांना त्या टोळीच्या रांगेत बसवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांतले कितीतरी जण आपल्या मांजरांवर जीव टाकतात. आम्ही फक्त आमच्या स्वतःच्या नियतची तपासणी करीत होतो आणि ती साफ निघाली नाही.

हे सगळे आम्ही घरात बसून बोललो. सूनबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अब्बा, हे सगळं तिला विकत घेतलं तेव्हा कुठं होतं?" याला उत्तर नाही. तेव्हा सना आजारी होती, पोर हसली तर बस, एवढेच डोळ्यांपुढे होते. तो पैसा विक्रेत्याच्या हातात गेला आणि त्याने पुढची जोडी लावली असणार. ती चूक आमच्या नावावर आहे. ती शक्करच्या नावावर नाही, म्हणून तिची शिक्षा तिला देता येणार नाही. ती घरात आहे तोवर तिचा पाट, तिचा डबा आणि तिची मोजलेली वाटी सांभाळणे, हीच त्या चुकीची भरपाई.

विक्रेत्याला नाही म्हणून कळवले. तो नाराज झाला. शक्करला पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करावी की नाही, यावरही घरात चर्चा झाली. हनफी फिकहमध्ये जनावराच्या खच्चीकरणाला फायद्यासाठी परवानगी दिली आहे, आमच्या कोकणातल्या शाफिई नातेवाइकांकडे मत कडक आहे. आम्ही पशुवैद्यांना आणि मोहल्ल्यातल्या मौलानांना, दोघांनाही विचारले आणि शस्त्रक्रिया करून घेतली. सनाच्या फीसाठी दादीने भिशीचा नंबर आधी मागून घेतला. धाकट्याला दोन महिन्यांनी काम लागले, पण ते लागले नसते तरी निर्णय हाच राहिला असता का, असे कोणी विचारले तर छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. गरज मोठी असती तर कदाचित आम्ही हेच सगळे दाखले वेगळ्या पद्धतीने वाचले असते. माणसाची अक्कल अशा वेळी त्याच्या गरजेची वकील होते, हे स्वतःच्या घरात पाहिले म्हणून लिहिण्याचे धाडस केले.

बसऱ्यात दहाव्या शतकात इख्वान-उस-सफा या विद्वानांच्या मंडळाने एक कथा लिहिली होती. १८१० साली कलकत्त्याला मौलवी इकराम अली यांनी ती उर्दूत आणली. तीत सगळी जनावरे जिनांच्या बादशहाकडे माणसाविरुद्ध दावा दाखल करतात. आम्हाला का राबवतो, आम्हाला का मारतो, असा त्यांचा सवाल असतो. त्या दरबारात आज शक्कर उभी राहिली तर काय म्हणेल? तिला आम्ही राबवले नाही, मारले नाही, मऊ गादीवर झोपवले. तिची तक्रार असलीच तर एवढीच असेल, की तुम्ही मला फार आवडून घेतले आणि त्यासाठीच मला अशी केले.

सनाने आता खिडकीखाली पाटाऐवजी तीन पायऱ्यांचे लाकडी घडवंचीसारखे काही सुताराकडून करून घेतले आहे. शक्कर त्यावरून चढते आणि बाहेर पत्र्यावर बसलेल्या करड्या मांजरीकडे बघते. करडीला महिन्यापूर्वी तीन पिल्ले झाली. त्यांतले एक सना घरात आणू म्हणते आहे. दादीचा अजून होकार नाही. पण संध्याकाळी मागच्या दाराशी एका वाटीत दूध-भात ठेवलेला असतो, आणि तो कोण ठेवते हे घरात कोणी विचारत नाही.